हाडाला लागणारं ओझं

गल्लीत सगळे त्याला लिफ्टवाला म्हणत. जुन्या लिफ्ट दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत असे. दोर कुठे झिजलाय, बेअरिंग कधी दगा देणार, हे तो नुसत्या आवाजावरून ओळखायचा. लोखंड वापरानं झिजतं, ही गोष्ट त्याच्या डोक्यात पक्की बसली होती. घोटाळा एवढाच झाला की तोच नियम त्यानं आईला लावला.

आई एका वसतिगृहाच्या चादरी धुवायची. ओल्या चादरींनी भरलेली बादली घेऊन जिने चढायची, गच्चीवर त्या वाळत घालायची आणि खाली येऊन शेजारणीशी दारात उभ्या उभ्या तासभर गप्पा मारायची. एकदा तिचा गुडघा दुखला. झालं, लेकानं फर्मान काढलं.

"आई, आता पुरे. मशीन जितकं कमी चालवावं तितकं जास्त टिकतं."

"अरे, मी काय मशीन आहे?"

"मशीनचा पार्ट तरी बदलून मिळतो. तुला कुठून आणू?"

यावर कोणती आई भांडेल? तिचं काम सुटलं. लिफ्टवाल्यानं तळमजल्यावरची खोली घेतली, खिडकीशी गुबगुबीत खुर्ची ठेवली. चहा हातात, पाणी हातात, पेपर हातात. सुरुवातीला ती चोरून भांडी घासायची आणि पकडली गेली की लहान मुलीसारखी हसायची. पुढे ते चोरटे उद्योगही थांबले. मुलगा असावा तर असा, असं लोक म्हणायचे आणि याच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. अशी काही वर्षं गेली.

मग एका सकाळी ती खुर्चीतून उठली, खिडकीकडे वळली आणि कोसळली.

"पडल्या म्हणून हाड मोडलं नाही," डॉक्टर खुब्याचा एक्स-रे उजेडाला धरून म्हणाले. "बहुतेक हाड मोडलं म्हणून पडल्या. घरात चालणं-फिरणं होतं का?"

"छे. मी तिला काडीही उचलू देत नाही," लिफ्टवाला अभिमानानं म्हणाला.

डॉक्टरांनी एक्स-रे खाली ठेवला. "हाड जिवंत असतं हो. चालताना, ओझं उचलताना त्याच्यावर दाब येतो, ते अगदी किंचित वाकतं. त्यावरून शरीराला कळतं, इथे भर घालायला हवी. भारच आला नाही तर शरीर तिथला माल काढून घेतं. वयानं हाडं विरळ होतातच, पण बसून राहिलं की फार लवकर."

लिफ्टवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं त्या चादरींनीच तिला उभं ठेवलं होतं आणि आपण प्रेमानं, कौतुकानं तिची हाडं पोखरत बसलो. शिव्या तरी कोणाला द्यायच्या?

ऑपरेशन झालं, खुब्यात स्टीलची पट्टी बसली. दुसऱ्या दिवशी व्यायाम शिकवणाऱ्या बाई आल्या. त्यांनी लिफ्टवाल्याला आधीच बाजूला घेऊन बजावलं होतं, "पायावर भार द्यायलाच हवा. आता उठल्या नाहीत तर कायमच्या अंथरुणाला खिळतील. तुम्ही हातात काही द्यायचं नाही."

त्यांनी आईला पलंगाच्या कडेला बसवलं, पुढ्यात वॉकर ठेवला आणि पाण्याचा पेला जरा लांब स्टुलावर ठेवला.

"आजी, पाणी हवं होतं ना? मी धरते, उठून घ्या बरं."

आई हसली. "मला कशाला उठावं लागतंय? माझा मुलगा सगळं हातात आणून देतो. असा मुलगा मिळायला नशीब लागतं."

आणि तिनं त्याच्याकडे हात पुढे केला.

लिफ्टवाला पेल्याकडे सरकला. बाईंनी नकारार्थी मान हलवली. त्यानं दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले.

"आई, तू... तूच घे ना उठून."

ती त्याच्याकडे बघत राहिली. आधी तिला कळलंच नाही. मग तिचा चेहरा मऊ झाला आणि तिनं हात हळूच मांडीवर ठेवला.

"राहू दे," ती म्हणाली. "दमलास तू. मला तशी तहान नाही फारशी."

कोरड्या ओठांवरून जीभ फिरवत ती पुन्हा उशीवर कलंडली.