आठ दिवसांचा स्लॅब

मा-तुमेलो चहाची रिकामी किटली घेऊन परतली आणि आपल्याच अंगणापाशी तिचे पाय थिजले. स्लॅबखालचे टेकू नव्हते.

सकाळी सोळा वासे होते. आता घराच्या भिंतीलगतचे चार उरले होते, आणि त्या मोकळ्या जागेत वस्तीतल्या बायका शाली पांघरून, पाय लांब करून दाटीनं बसल्या होत्या.

घर नवं होतं. दारंखिडक्याही लागल्या नव्हत्या. राजधानीत, गाबोरोनला, घरांचे नकाशे काढणाऱ्या बोनोलोनं, तिच्या भाचीनं, ते आखलेलं. त्यावरून दोघींचं वर्षभर वाजत होतं. बोनोलो म्हणे, "मावशी, हल्ली सगळे डोक्याच्या वर भिंत घालतात, त्यावर तारा लावतात."

"मग मला तुरुंगातच नेऊन ठेव की! मी लहान असताना कान्ये गावात दारापुढच्या लोलवापाची भिंत कमरेएवढी असायची. येणारा बाहेर उभा राहून हाक मारायचा, आत घ्यायचं की नाही ते घरची बाई ठरवायची. दिसायचं सगळं, पण न विचारता पाय कुणी टाकत नव्हतं."

शेवटी बोनोलोनं रस्त्याकडे काँक्रीटची कोरी भिंत घातली, झोपायच्या खोल्या तिच्यामागे लपवल्या, आणि गल्लीच्या बाजूला लोलवापा ठेवलं, बुटक्या भिंतीचं अंगण, जुन्यासारखं. त्यावर सावलीला दहा फूट पुढे आलेला स्लॅब. खालून एकही खांब नाही, म्हणजे जाणाऱ्यायेणाऱ्याचं तोंड दिसावं. "पण अठ्ठावीस दिवस वाशांना हात लावायचा नाही," तिनं बजावलं होतं. "तोवर तो स्वतःचा भार पेलणार नाही."

आज आठवा दिवस होता.

मंगळवारी शेजारचे रा-पुले गेले. शनिवारी पहाटे माती, तोवर रोज संध्याकाळी प्रार्थना. त्यांच्या अंगणात माणसं मावेनात, तेव्हा वस्तीची कामं बघणारा ओतेंग विचारायला आला होता. मयतासाठी मागितलेल्या वस्तूला नाही म्हणायची रीत नाही. खुर्च्या, पातेली, सरपण, सगळं न बोलता दिलं जातं. तीही म्हणाली होती, "विचारतोस काय रे? लागेल ते घे."

त्यानं घेतलं होतं. पलीकडच्या अंगणात तंबू उभा होता, तिच्याच बारा वाशांवर.

"ओतेंग, अरे, हे काय केलंस?"

"बायकांच्या मध्ये येत होते ते. बघा, कसं ऐसपैस झालं!" तो हळू आवाजात, पण खुशीत म्हणाला.

"तो पडेल!"

"काय मा, दगड झालाय दगड. मी वर चढून नाचून पाहिलं."

मागे वळून तिनं बोनोलोला फोन लावला. घडलं ते दोन वाक्यांत सांगितलं.

"मावशी, बाहेर काढ त्यांना. आत्ता. पण धावपळ होऊ देऊ नकोस. राहिलेल्या वाशांना धक्का लागला तर संपलं."

प्रार्थना सुरू झाली होती. उपदेशक डोळे मिटून बोलत होते, आणि ते लवकर आवरणारे नव्हते. ओरडावं तर चेंगराचेंगरी. कुणाचे गुडघे धरलेले, कुणाच्या मांडीवर तान्हं मूल. न्कुकु सेबिना, वस्तीतली सगळ्यांत थोरली आजी, हिला तर दोन नाती धरून बसवून गेलेल्या. मा-तुमेलो बघत होती तोच वरून चिमूटभर करडी भुकटी न्कुकुच्या खांद्यावर पडली. मुंगी असावी तशी तिनं ती झटकली.

लांबलेलं बोलणं तोडायची एकच मान्य रीत होती. कुणीतरी गाणं उचलायचं. पण बाकीची गाणी बायका बसूनच म्हणतात. सगळ्यांना उठवून चालायला लावणारं गाणं एकच. ते शनिवारी पहाटे, शवपेटी घरातून निघताना म्हणायचं. त्याआधी म्हणणं म्हणजे दुसरी पेटी बोलावणं. तिच्या आईनं लहानपणी ते नुसतं गुणगुणल्याबद्दल तिच्या थोबाडीत दिली होती.

मा-तुमेलोनं ते उचललं.

आवाज फाटला. उपदेशकांनी डोळे उघडले. पहिली ओळ ती एकटीच म्हणाली, आणि तिला वाटलं, आता कुणी उठत नाही. मग मागून एका बाईनं दुसरी ओळ धरली. शेकडो पेट्यांच्या मागे चाललेले गुडघे आपोआप उचलले गेले. दोघी दोघी, पावलापुढे पाऊल, गाण्याची चाल जेवढी संथ तेवढ्याच संथ. मा-तुमेलोला घाई करता येईना आणि गाणं थांबवताही येईना.

न्कुकु सेबिना तेवढी राहिली. मा-तुमेलो गातच आत शिरली. डोक्यावर काहीतरी करकरलं. वर न बघता तिनं म्हातारीला काखेत हात घालून उठवलं.

"कुणाला पुरायला निघालीस गं? रा-पुले तर अजून शवागारात आहे."

"न्कुकु, पाय उचला. देवासाठी पाय उचला."

त्या दोघी बुटक्या भिंतीच्या बाहेर आल्या. गाणं विस्कटलं आणि ओतेंग लाल होऊन तिच्यावर धावून आला. "मा, डोकं फिरलं का तुमचं? रा-पुलेंच्या घराला काय शाप—"

एक वासा काडकन मोडला. मग बाकीचे. स्लॅब भिंतीपाशी दुमडला आणि खाली आला. जमीन हादरली, धुळीनं सगळ्यांची तोंडं दिसेनाशी झाली.

"किती जणी होत्या आत?" ओतेंग किंचाळला. कुणालाच माहीत नव्हतं. बसणाऱ्यांना कोण मोजतं?

"शेजारीण धरा!" मा-तुमेलो खोकत ओरडली. "जिच्या शेजारी बसला होतात, तिचा हात धरा!"

धुळीत हात हात शोधू लागले. नावांच्या हाका झाल्या, उत्तरं आली. मग सगळं शांत झालं आणि एकीचा उजवा हात रिकामाच वर राहिला. मा-माकगोचा. ती रडत होती.

"तुझ्या त्या बाजूला कोण होतं?" मा-तुमेलोनं तिला गदागदा हलवलं. "बोल ना! कोण होतं?"

"कुणी नाही," मा-माकगो हुंदक्यातून म्हणाली. "मी कोपऱ्यात होते. त्या बाजूला भिंत होती."

मा-तुमेलोनं तिला ते पुन्हा सांगायला लावलं. मग तिसऱ्यांदा.