बोलता येईल अशी केबिन

ट्रकच्या दारावर दोनदा थाप पडली, तेव्हा तो केबिनमध्ये डोकं खाली आणि पाय सीटवर अशा अवस्थेत क्लचच्या पेडलमागचं भोक बुजवत होता. थाप त्याला ऐकू आली नाही. बायको समोरच्या काचेपुढे जाऊन उभी राहिली. बऱ्याच वेळानं त्याचं डोकं वर आलं. तिनं दोन बोटं दाखवली. त्यानं पंजा दाखवला. ती घरात निघून गेली.

दोन बोटं म्हणजे चहा, पंजा म्हणजे पाच मिनिटं. या खुणा कागद कारखान्याच्या जनरेटरघरातल्या. तिथे त्यानं एकतीस वर्षं काढली. त्या खोलीत तोंडाचा उपयोग फक्त खाण्यापुरता; बाकी सगळा कारभार हातांनी. कपाळाला मूठ लावली की साहेब येतोय. ड्यूटी संपवून तो घरी यायचा तोही असाच, तोंड मिटून. नव्या नवरीनं महिनाभर वाट पाहिली आणि मग निमूटपणे खुणा शिकून घेतल्या. त्यानंतर संसार उत्तम चालला. भांडणं जवळपास झालीच नाहीत, कारण खुणांनी भांडायचं तर आधी हात दुखतात. शेजारीपाजारी म्हणायचे, काय शांत घर आहे हो तुमचं! तिला त्यावर रडू यायचं, पण ते स्वयंपाकघरात.

तशा त्याच्या आणखीही खोडी होत्या. कडाक्याच्या थंडीत पंखा मोठा लावून झोपायचा. संध्याकाळी जेवण होईपर्यंत चौकातल्या बाकावर एकटाच बसायचा, समोरून गाड्या जाताना बघत. घरात मी आहे म्हणून हा माणूस बाहेर बसतो, असं तिनं केव्हाच ठरवून टाकलं होतं. विचारलं मात्र कधी नाही.

निवृत्त झाल्यावर त्यानं लष्कराच्या लिलावातून हा जुना ट्रक उचलला. मागच्या डब्यात पलंग, स्टोव्ह, पाण्याची टाकी बसवली. वर्षभर दोघांनी फिरायचं, उत्तरेच्या डोंगरांपर्यंत जायचं, असा बेत. बेत त्यानं तिला कागदावर लिहून दिला होता. मग पहिल्या फेरीला ती हौसेनं केबिनमध्ये चढली. खाली उघडा पत्रा, बसायला ताडपत्रीच्या दोन सीटा, मध्ये इंजिनाचं कुबड आणि दारांच्या फटींतून भणाणणारा वारा. सैनिकांना काय, कुठेही बसवा. परत आल्यावर तिनं कानातले कापसाचे बोळे काढले आणि म्हणाली,

"हे बघा, जन्मभर तुमच्याशी हातवारे केले. आता म्हातारपणी त्या डब्यात बसून पुन्हा तेच? माझ्याच्यानं नाही व्हायचं. न ओरडता बोलता येत असेल तर येते मी. नाहीतर मी लेकीकडे जाऊन राहते. तुम्ही या फिरून."

आणि लेकीकडे न्यायची बॅग तिनं पलंगाखालून काढून भिंतीशी उभी केली. ती तिथेच राहिली.

बोलणं हा त्याचा प्रांत नव्हता, पण काम हा होता. त्यानं केबिन सोलून काढली. सगळा पत्रा घासून त्यावर डांबरी पट्ट्या गरम करून चिकटवल्या. दारांना नवीन रबर लावलं. जुन्या कारखान्यात जाऊन फेल्ट मागून आणलं. ओला कागद दाबायच्या मशिनवरचं हे घोंगडीसारखं फेल्ट बोटभर जाड असतं, झिजलं की टाकून देतात. ते छताला आणि दारांना आतून लावलं. बसच्या दोन सीटा मिळाल्या, त्या सीटवाल्याकडून नव्यानं भरून घेतल्या. सीटवाला स्वतःच बसवायला आला. इंजिनाच्या कुबडावर स्टीलची वाटी पाण्यानं भरून ठेवलेली पाहून तो थबकला.

"काका, ही काय पूजा मांडलीय?"

"इंजिन चालू करून बघतो. पाणी हललं की समजायचं, अजून आवाज आहे."

"अहो, मग कानांनी ऐका की!"

"माझ्या कानांचं काही खरं नाही."

"काकूंना बसवा मग."

"तिला एकदाच बसवायचं. सगळं झाल्यावर."

सीटवाल्यानं मान हलवली. चार महिन्यांत ती वाटी शेकडो वेळा हलली. दर वेळी तो खाली उतरायचा, कुबडाचं झाकण काढायचा, आणखी एक थर लावायचा. दुपारी ती खिडकीतून बघायची. एवढा वेळ हा माणूस आपल्याजवळ कधी बसला नाही, असं तिच्या मनात यायचं आणि ट्रकचा तिला मत्सर वाटायचा. लोखंडाचा मत्सर! स्वतःचंच हसू यायचं तिला.

एके दिवशी पाणी हललं नाही. नुसती कडेला बारीक रेघ उठली. तो बराच वेळ वाटीकडे बघत बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं निघाली. तिनं ठेवणीतली साडी नेसली होती. बॅग भिंतीशी होती तशीच होती. ट्रक गावाबाहेरच्या रस्त्याला लागला आणि ती एकदम म्हणाली,

"अगंबाई! माझ्या बांगड्या ऐकू येतायत मला!"

त्याला इतका आनंद झाला की त्यानं उगाचच हॉर्न वाजवला. मग त्यानं बोलायला सुरुवात केली. तयारी करून आला होता तो. काय बोलायचं ते चिठ्ठीवर लिहून काचेवरच्या ऊन अडवायच्या पट्टीमागे खोचलं होतं. तिच्या गुडघ्याबद्दल विचारलं. लेकीच्या नव्या नोकरीबद्दल विचारलं. फेल्ट कसं मिळालं ते सांगितलं. टाकीत पाणी किती मावतं तेही सांगितलं. पहिला पूल येईपर्यंत चिठ्ठी संपली.

मग केबिनमध्ये शांतता पसरली. चार महिने खपून केलेली, चांगली बोटभर जाड शांतता. तिनं दोन-तीनदा त्याच्याकडे पाहिलं. तो जबडा आवळून बसला होता, आणि मधूनच तळहातानं कान दाबत होता.

"कान दुखतोय का हो?"

"नाही."

"मग?"

त्यानं गिअर बदलला. तिनं विचारणं सोडलं नाही. आज त्यासाठीच तर ती चढली होती.

"अहो, काय होतंय?"

"जनरेटर," तो म्हणाला.

"कुठला जनरेटर?"

"आपला. कारखान्यातला. तो बंदच झाला नाही गं. कानात चालू असतो. बाहेर आवाज असला की कळत नाही. शांत झालं की ऐकू येतो."

"कधीपासून?"

"लेक शाळेत जायला लागली, त्याच्या आसपास."

तिनं मनातल्या मनात वर्षं मोजली. मग तिला पंखा आठवला, थंडीतला. आणि चौकातला बाक.

"म्हणजे तुम्ही संध्याकाळी बाहेर जाऊन बसायचात ते..."

"घर फार शांत असायचं आपलं," तो म्हणाला. तक्रार म्हणून नाही. टाकीत पाणी किती मावतं ते ज्या आवाजात सांगितलं, त्याच आवाजात.

ती काचेतून समोर बघत राहिली. इतकी वर्षं ती आतल्या खोलीत रुसून गप्प, आणि तिच्या त्या गप्प बसण्यानं इकडे याचा जनरेटर चालू.

"आत्ताही ऐकू येतोय?"

"आत्ता जास्तच."

"मग ही केबिन कशाला केलीत अशी? एवढे चार महिने?"

त्यानं आश्चर्यानं तिच्याकडे पाहिलं.

"तू म्हणाली होतीस ना."

तिला खूप बोलायचं होतं. नव्या नवरीपासूनचं सगळं मनात साठलेलं होतं, आणि आता कुठे वाचा फुटत होती. विचारायचंही खूप होतं. तिनं पदरानं डोळे टिपले. मग खिडकीचं हँडल धरलं आणि काच खाली करायला लागली. नवीन रबर घट्ट होतं. तिला दोन्ही हातांनी जोर लावावा लागला. काच पूर्ण खाली गेली. वारा आत घुसला आणि त्याच्यामागोमाग इंजिनाची घरघर, टायरांचा आवाज, शेजारून गेलेल्या ट्रॅक्टरची फटफट.

तो ओरडून काहीतरी म्हणाला. तिला ऐकू आलं नाही. तिनं कानाकडे बोट दाखवून विचारलं, गेला? त्यानं क्षणभर वाट पाहिली आणि मान डोलावली. त्याच्या जबड्याची गाठ सुटलेली तिला दिसली.

तिनं दोन बोटं वर केली. त्यानं पंजा दाखवला. पुढच्या गावात टपरी असेल.

कुबडावरची वाटी थरथरायला लागली होती. तिनं ती उचलली, पाणी खिडकीबाहेर ओतलं आणि रिकामी वाटी मांडीवर धरून बसली.