आत्याला तलवार की सावली?

मित्रांनो, मी संगणकाचा एक जुना माउस आहे. नावाने उंदीर असलो तरी कुरतडणं माझ्या स्वभावात नाही. उलट माझंच शेपूट दोनदा दाराखाली चेंगरून सोललं गेलं आहे. आता ते गुंडाळून मी खणात पडून असतो, म्हणून बोलायला सवड मिळाली.

माझा जन्म एका कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्यावर झाला. कुणी पोटात चाक बसवलं, कुणी पाठीवर दोन बटणं. तपासणाऱ्या बाईंनी माझं डावं बटण वीस वेळा दाबलं आणि म्हणाल्या, "हा टिकेल." तेवढं कौतुक गाठीशी बांधून मी खोक्यातून एका दोन खोल्यांच्या घरी आलो.

तिथे भाऊ-बहीण राहत. भाऊ ग्रंथालयात फाटक्या पुस्तकांची बांधणी करायचा. त्याच्या बोटांना खळीचा वास यायचा आणि तो मला अगदी हळुवार धरायचा. धाकटी बहीण लोखंडी दारं-खिडक्या जोडणारी वेल्डर. तिला सगळे ठिणगी म्हणत. ती मला अशी आपटायची की माझी आतडी हलायची. जीव मात्र दोघांचाही होता माझ्यावर.

रविवारी दुपारी दोघं मिळून एक खेळ खेळत. पडद्यावर चौकटी आखलेल्या, त्यांवर आपले सहा शिपाई. आधी आपण चाल करायची, मग शत्रूने. शिपायाला बढती मिळाली की त्याच्यासाठी एक कसब निवडावं लागे. तलवार, म्हणजे थेट शत्रूच्या अंगाला भिडून वार. किंवा सावली, म्हणजे भिंतीच्या कडेने, कुणाला न दिसता सरकणं. एकदा निवडलं की निवडलं. आणि मेलेला शिपाई परत येत नसे. चाल मागे घेण्याची सोय दोघांनी मुद्दाम बंद ठेवली होती.

शिपायांना त्यांनी घरातली नावं दिली होती. एक दादा, म्हणजे भाऊ स्वतः, एक ठिणगी, एक आत्या. खरी आत्या म्हणजे त्यांच्या वडिलांची बहीण. तिनेच दोघांना लहानाचं मोठं केलं होतं. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती.

शेवटच्या मोहिमेआधी पडद्यावरच्या आत्याला बढती मिळाली.

"तलवार," ठिणगी म्हणाली. "विचारायचं काय त्यात?"

"सावली," दादा म्हणाला.

"आत्या आणि लपणार? अरे, बाबा दारू पिऊन मारायला आले, तेव्हा झाडू घेऊन दारात उभी राहिली ती! सख्ख्या भावासमोर! अजून दिसतंय मला."

दादाचा हात माझ्यावर होता. तो नुसतंच माझं चाक फिरवत राहिला.

"तू तीन वर्षांची होतीस," तो म्हणाला. "तुला झाडू आठवतो, त्याआधीचं नाही. आधी तिने आपल्याला फडताळात बसवलं, अंगावर चादरी टाकल्या. मग अनवाणी मागचा जिना उतरून शेजाऱ्यांना सांगून आली. चाहूलसुद्धा लागू दिली नाही. त्यानंतर झाडू, तो तुला फडताळाच्या फटीतून दिसला."

ठिणगीने पडद्यावरची नजर काढून त्याच्याकडे पाहिलं. "हे कधी सांगितलं नाहीस मला."

"त्यात सांगण्यासारखं काय होतं? मी लपून बसलो होतो."

"दे तिला सावली," ती म्हणाली.

मोहीम होती बुरुजातले कैदी सोडवायची. दरवाजा उघडायला आत्याला एकटीला पहारेकऱ्यांच्या मधून जायचं होतं. ती एकेक चौकट सरकत होती. दरवाज्यापाशी पोचायला एकच चाल उरली होती.

आणि मित्रांनो, इथे माझं पाप आहे. वर्षभर मला कुणी पुसलं नव्हतं. पोटात बिस्किटांचा चुरा, ठिणगीच्या हातांवरची लोखंडी भुकटी. डावं बटण कधीकधी एकदा दाबलं तरी दोनदा वाजायचं. "बघू पुढच्या रविवारी," म्हणत दोघांनी चालढकल केली होती. दादाने भिंतीआडची चौकट दाबली. मी दोनदा वाजलो. त्याचा हात पुढे सरकला होता, दुसरी टिचकी शेजारच्या उघड्या चौकटीवर पडली आणि आत्या भिंतीआडून उजेडात आली.

पहारेकऱ्यांनी माना वळवल्या. तीन तलवारी, आणि तिच्या हातात काहीच नाही.

"मी काय केलं हे!" दादा ओरडला.

"हात काढ," ठिणगी म्हणाली आणि तिने मला पकडलं. या पाळीत फक्त तिच्या नावाचा शिपाई हलायचा राहिला होता.

"तू मरशील तिथे. सगळ्यात तयार शिपाई आहेस आपला."

"आत्याने केला होता हिशेब तेव्हा?"

तिने मला एकदाच दाबलं, इतक्या जपून की मी एकदाच वाजलो. पडद्यावरची ठिणगी ओरडत मैदानात घुसली, एकाला तिने लोळवलं. उरलेले दोघे आत्याला सोडून तिच्यावर धावले. शत्रूची पाळी. पहिला वार. दुसरा. ठिणगी पडली. पुढच्या पाळीत आत्याने दरवाजा उघडला.

मोहीम फत्ते झाली, पण खोलीत कुणी टाळी वाजवली नाही.

"दादा," ती हळूच म्हणाली, "फडताळात अंधार होता ना? आणि माझ्या तोंडावर कुणाचा तरी हात होता."

"माझा. तू रडली असतीस तर त्यांना कळलं असतं."

"सात वर्षांचा होतास तू."

"हो."

"मग मला काय एकट्या आत्याने वाचवलं?"

दादाने डोळे पुसले आणि त्याच ओल्या हाताने माझं पोट उघडायला घेतलं. बराच कचरा निघाला, पण बटण झिजलं ते झिजलंच. महिनाभराने नवा माउस आला.

माझी त्यावर तक्रार नाही. एवढंच सांगतो, मित्रांनो. हाताखालची वस्तू कुरकुरायला लागली की तिला पुढच्या रविवारवर ढकलू नका. आणि घरात कुणी वर्षानुवर्षं स्वतःला भित्रा समजून गप्प बसलं असेल, तर त्याला आजच विचारा.