डाव्या हाताला समुद्र

बेट म्हणजे कडेने समुद्र आणि मध्ये काहीतरी, एवढंच आमच्या टॅक्सीवाल्याला ठाऊक. गडी गाडी चालवण्यात पटाईत, पण खोड एक. डाव्या हाताला समुद्र दिसला तरच याची गाडी पुढे जायची, नाहीतर हातपाय गळायचे. म्हणून तो बेटाभोवती एकाच दिशेने फिरे. मागच्या दुकानात पिशवी विसरली तरी अख्ख्या बेटाला वळसा. पर्यटकांनी विचारलंच की आत काय आहे, तर खुशाल ठोकून द्यायचा, "आत काही नाही, नुसती माती."

त्या मातीत त्याची सख्खी ताई राहायची. डोंगरात, जायफळाच्या बागेत दिलेली. इतकी वर्षं तीच बसने खाली यायची, भावाला पोटभर जेवू घालून, वर चार शिव्या हासडून परत जायची. आता तिचे गुडघे गेले. फोनवर म्हणाली, "एकदा तरी माझं घर बघून जा. या वेळी आला नाहीस तर मला ताई म्हणू नकोस."

टॅक्सीवाल्याने भरलं ताट बाजूला सारलं. आई गेल्यावर याच ताईने त्याला लहानाचं मोठं केलं होतं.

बायको खमकी. तिने गाडीच्या डाव्या खिडकीला निळी चादर बांधली. "हा घ्या समुद्र. चला."

पहिल्याच वळणावर याने गाडी थांबवली. "अगं, हा आपल्याबरोबर धावतोय. समुद्र कधी धावतो का?"

बायकोने कपाळावर हात मारला, गाडी ढकलत खाली आणली आणि ताईला फोन केला. ताई नुसतं "बरं" म्हणाली.

पुढच्या आठवड्यात दोघं पुन्हा निघाली. वळण संपलं आणि टॅक्सीवाल्याचा जीव भांड्यात पडला. रस्त्याच्या डाव्या बाजूला झाडाझाडांना निळं कापड ताणलेलं. ताडपत्र्या, पडदे, शाळेचे गणवेश. कापड संपलं तिथे पोस्टमन निळा रेनकोट घालून निमूट उभा. मग उजवीकडे बघायचं धाडस झालं. धबधबा होता, केळीची बनं होती, अंगावर काटा आणणारा गारवा होता. बेटाच्या पोटात एवढं सगळं आहे आणि आपण लोकांना माती सांगत आलो, याची त्याला मनापासून लाज वाटली.

ताई ओट्यावर बसली होती. याने तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि ढसाढसा रडला. "गुडघा सोडून रड," ताई म्हणाली.

जेवणं झाली. निघायला म्हणून त्याने गाडी वळवली आणि जागीच बसला.

"ताई, समुद्र उजवीकडे गेला."

"जाणारच."

"मग कापड पलीकडच्या झाडांना बांधायला सांग ना."

"नाही सांगणार," ताई म्हणाली. "एकाच बाजूला बांधा, असं मीच बजावलं होतं सगळ्यांना."

त्याने बायकोकडे पाहिलं. ती डिकीतून महिनाभराच्या कपड्यांची बॅग काढत होती.