साखळी तुटू नये म्हणून

मी ॲप बोलतेय. फोनवरची ती निळी चौकट. हिणवू नका मला. कुठल्या बड्या कंपनीनं नाही, फेरो बेटांवरच्या रान्वा नावाच्या बाईनं मला घडवलं, आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, मटण शिजता शिजता.

कारणही तसंच. आमच्याकडे हिवाळ्यात गाव हातात हात गुंफून गोल साखळी करतं आणि गात नाचतं. वाद्य नाही, फक्त गळे आणि पाय. एक लांबलचक गाणं शेजारच्या बेटावरच्या मारियुन म्हातारीलाच तेवढं पाठ. तिनं ते एका मोठ्या व्हिडिओ कंपनीच्या साइटवर टाकलेलं. गाव त्यावरून शिकायला लागलं, तर ऐन लढाईच्या कडव्यात जाहिरात! गाणं संपेतो साखळी थांबवायची नाही, ही रीत. मग काय, अख्खं गाव कपडे धुण्याच्या पावडरीवर पाय आपटत राहिलं.

"शोभतं का हे?" रान्वा कडाडली, आणि माझा जन्म झाला. व्हिडिओ कंपनीचेच दाखवायचे, फक्त मधल्या जाहिराती मी गाळायच्या. इमानानं गाळल्या. एकच कोडं मला सुटेना: गाणं अडलं तरी ही माणसं हात का सोडत नाहीत?

मग कंपनीची तंबी आली. जाहिराती दाखवा, नाहीतर ॲप बंद करा.

रान्वानं मारियुनला फोन लावला. "आजी, गाणं तुमचं. मला परवानगी आहे म्हणून कळवा त्यांना. माझं ॲप वाचेल."

"आणि आजवर कुणाला विचारून घेतलंस?"

"ते... खुलंच होतं ना."

"माझ्या मटण वाळवायच्या खोपटाचं दारही खुलंच असतं गं. म्हणून वाळत टाकलेलं मटण उचलून नेशील? गाणं टाकताना त्या पावडरवाल्यांना मी हो तरी म्हटलं होतं. तू आपल्यातली, आणि तूच विचारलं नाहीस!"

तोवर मी जाहिरातीलाच चोर समजत होते.

"आता विचारते, आजी."

"ॲपला नाही देणार. तुम्हाला देईन. तुमच्याकडे येणारी बोट कधी सुटते ते सांग."

म्हातारी काठी टेकत आली. रान्वानं माझा पडदा बंद केला आणि फोन झग्याच्या खिशात टाकून साखळीत शिरली. लढाईच्या कडव्याशी मारियुन अडखळली. शब्द आठवेना. कुणी सुचवलं नाही, कुणी थांबलं नाही. पाय पडत राहिले, हात धरलेले राहिले, तिला आठवेपर्यंत. मग कडवं आलं, असं आलं की छप्पर हललं.

सुटलं माझं कोडं.

उद्या रान्वा मला पुसून टाकेल. टाकू दे. तुम्ही मात्र दार उघडं दिसलं तरी हाक मारून आत जा. आणि रान्वा, नाच संपेतो मला खिशातच राहू दे. अजून पाय ऐकू येताहेत.