कैरी सोलायचा शिंपला

दर्शनाचा फोन आला की मी समजतो, काहीतरी काम असणार. माझ्या तब्येतीची चौकशी ती आधीच उरकून घेते.

"बाबा, आईचा तो शिंपला आहे ना अजून?"

आहे म्हणजे काय! स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेला आहे. सुनंदाने तो माहेरून, केळशीहून आणला होता. पाठ दगडावर घासून घासून भोक पाडलेलं, त्या भोकाच्या धारेने ती कैरी सोलायची. पोफळीच्या वीजप्रकल्पाच्या कॉलनीत आमचा संसार झाला. तिथे स्टीलची सोलाणी आली, बोथट झाली, गेली. शिंपला टिकला. सुनंदा गेली, निवृत्त होऊन मी रत्नागिरीजवळ समुद्रकाठी भाट्याला एकटा राहायला आलो, तरी तो आहेच.

पोरगी पुण्याला प्रयोगशाळेत असते. सहजासहजी न फुटणारी चिनी माती करायच्या मागे आहे म्हणे.

"शिंपला म्हणजे जवळजवळ सगळा खडूच, बाबा. पण पातळ चकत्या एकावर एक, आणि मधे जरासा मऊ, चिकट थर. तडा सरळ जातच नाही, प्रत्येक थराशी वळतो आणि दमतो. आम्हाला तसंच रचायचंय. इतकी वर्षं वापरलेला शिंपला मला दुसरीकडे कुठे मिळणार?"

"आणि बघून झाल्यावर?"

"मशीनमध्ये वाकवायचा. तुटेपर्यंत."

माझं डोकंच फिरलं. "समुद्र काय आटलाय? टोपलीभर शिंपले धाडतो, बस तोडत!"

सुनंदा असती तर मधे पडून तिने दोघांनाही हसवलं असतं. ती गेल्यापासून आम्ही बापलेक नुसते खडू. मी फोन आपटला आणि मग घरात आवाज करणारं कुणीच उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुनंदाच्या जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून शिंपला कुरियरने पाठवून दिला. पोरीने हक्काने मागावं असं माझ्याकडे दुसरं आहे काय? भिंतीवर खिळा तेवढा राहिला. तो दिसू नये म्हणून मी ताट घेऊन पडवीत जेवायला बसू लागलो.

रविवारी फोन वाजला.

"तुटला?" मी चौकशीला वेळच दिला नाही.

"नाही. मशीनवर ठेवला होता, पण नाही झालं माझ्याच्याने." तिने नाक ओढलं. "खोलीवर घेऊन आलेय. मंडईतून कैरी आणली, पण सालच निघत नाही. आई कसा धरायची हो?"

"पाठीकडून टेकव गो. आणि आपल्याकडे ओढ. साल भोकातून वर येते."

पलीकडे खरखर सुरू झाली. अगदी तीच खरखर. मी फोन कानाशी धरून खिळ्याखाली जाऊन उभा राहिलो.

"झाली सोलून," ती म्हणाली. "ठेवू फोन?"

"एकच आणलीस?" मी विचारलं.