पूर्ण बाह्यांचा शर्ट

आमचा साकेत गुरुग्रामच्या एका मोठ्या हॉटेलात मॅनेजर आहे, असं मी दहा वर्षं सगळ्या नातेवाइकांना सांगत आले. खरं म्हणजे तो तिथे तंदूरवर असतो. पण आमचे हे केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले; त्यांचा मुलगा स्वयंपाकी आहे हे मी कुठल्या तोंडाने सांगायचं? थोडं खोटं बोलले. त्याने कुणाचं काय बिघडतंय, असं मला वाटायचं.

बिघडलं ते या जानेवारीत. साकेतला ओसाकाच्या एका भारतीय रेस्टॉरंटने नोकरी दिली होती. अनुभवाची पत्रं, शिक्के, फोटो, सगळं जमवून व्हिसाचा अर्ज गेला होता. आणि वकिलातीतून चौकशीचा फोन आला तो नेमका घरच्या नंबरवर, मी एकटी असताना. "आपका बेटा क्या काम करता है?" सवयीने तोंडातून निघून गेलं, "मॅनेजर है जी, बड़े होटल में."

दोन दिवसांनी साकेत एजंटकडून तणतणत घरी आला. "आई, काय सांगितलंस तू त्यांना? पत्रांत कुक, आणि घरचे म्हणतात मॅनेजर. फाइल अडकली यार! परत फोन करणार आहेत. तेव्हाही गडबड झाली तर संपलंच."

"अरे, पण मॅनेजर म्हणजे वरचीच पोस्ट ना?"

"व्हिसा कुकचा आहे, आई. दहा वर्षं स्वतःच्या हाताने स्वयंपाक केला असेल तरच. मॅनेजर बिल्कुल चालत नाही."

मी यांच्याकडे पाहिलं. जन्मभर नियमांची पुस्तकं कोळून प्यायलेला माणूस, तोही चष्मा पुसत बसला. "खालच्या ग्रेडचा माणूस हवा आणि वरच्या ग्रेडचा नको? छत्तीस वर्षांत असा नियम पाहिला नाही," म्हणाले. माझंही डोकं चालेना. ज्या कामाची मी लाज धरली, तेच सिद्ध करायला पोरगा दारोदार फिरत होता. आता त्या लाजेचं करायचं काय?

त्यात चौदा तारखेला पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाला जायचं म्हणून पुण्याहून देवयानी वन्सं आल्या. या यांच्या थोरल्या बहीण. सकाळी त्यांच्या कानावर पडलेली गोष्ट संध्याकाळी सगळ्या कोथरूडला माहीत असते. मी नेहमीसारखा साकेतला पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायला लावला.

पंधराला सकाळी सगळे पोहे खात बसलेले असताना फोन वाजला. तोच आवाज. साकेतचा चमचा हातातच राहिला.

"मॅडम, पिछली बार आपने मॅनेजर बताया था."

समोर वन्सं माझ्याकडेच बघत होत्या. "झूठ बोला था," मी म्हटलं. "खाना बनाता है. दस साल से."

"अच्छा. क्या बनाते हैं?"

इथे माझी गाडी अडली. काय बनवतो तो? मी कधी विचारलंच नव्हतं. घरच्या ओट्यापाशीही त्याला कधी फिरकू दिलं नाही. साकेत ओठ हलवून काहीतरी सांगत होता, पण मला काही कळेना. मला फक्त त्याच्या शर्टाच्या बटणं लावलेल्या बाह्या दिसत होत्या.

"वो मुझे नहीं पता साहब," मी म्हटलं. "पर उसके दोनों हाथ कोहनी तक जले हुए हैं, तंदूर से. मेहमान आते हैं तो मैं ही उसको पूरी बाँह की शर्ट पहनाती हूँ." आणि मला रडूच फुटलं.

पलीकडून कीबोर्डची टकटक ऐकू आली. मग, "ठीक है, लिख लिया," आणि फोन बंद. काय लिहून घेतलं, चांगलं की वाईट, देव जाणे.

वन्संनी बशी खाली ठेवली. "नीला, घरात एवढा आचारी असून दहा वर्षं मी तुझ्याच हातचं जेवतेय," त्या म्हणाल्या. "कमाल आहे बाई तुझी!"

साकेतने हळूच बटणं काढून बाह्या वर दुमडल्या. "आत्या, दुपारी काय करू मग?"

"त्यांना काय विचारतोस?" मी डोळे पुसत म्हटलं. "तिथे करतोस ते सगळं कर, माझ्यासमोर. परत फोन आला तर मला सांगता यायला हवं."